कामाची सायकल आणि मधली रात्र : ब्रिटनमधील आठवडाअखेरच्या सायकलप्रवासाचा इतिहास

सायकलीचा इतिहास लिहिणारे बहुधा दोन वाटांनी जातात. एक वाट शर्यतींची आणि विक्रमांची, तर दुसरी कारखान्यांची आणि पेटंटांची. या दोहोंच्या मध्ये एक साधा, पण सामाजिक दृष्ट्या फार मोलाचा व्यवहार राहून जातो. सोमवार ते शनिवार ज्या सायकलीवरून माणूस गिरणीत, कचेरीत किंवा दुकानात कामाला जात असे, तिच्यावरच शनिवारी दुपारी चार कपडे, पावसाळी झूल आणि शिदोरी बांधून तो दीड दिवसाच्या प्रवासाला निघे, आणि सोमवारी सकाळी तीच सायकल पुन्हा कामाच्या फाटकाशी टेकवलेली असे. ब्रिटनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सायकलप्रवासाचे बहुसंख्य रूप हेच होते. प्रवासी सायकल म्हणून जी वस्तू आज स्वतंत्रपणे विकली जाते, ती त्या काळातील बहुतेकांच्या लेखी वेगळी वस्तू नव्हतीच. रोजच्या सायकलीत केलेल्या लहानमोठ्या फेरफारांचे ते नाव होते. हे फेरफार कोणते, ते कोणी केले आणि कोणत्या अडचणीपोटी केले, हे पाहिले म्हणजे यंत्राच्या इतिहासामागे दडलेला फुरसतीचा इतिहास दिसू लागतो.

या फुरसतीचे स्वरूप प्रथम स्पष्ट केले पाहिजे, कारण सायकलीवर सामान चढते ते अंतरामुळे नव्हे, तर घराबाहेर काढाव्या लागणाऱ्या रात्रीमुळे. सकाळी निघून संध्याकाळी परतणाऱ्याला खिशातली भाकरीही पुरते. मध्ये एक रात्र आली की कोरडे कपडे, अंथरूण, साबण आणि दुसऱ्या दिवसाचे जेवण यांचा प्रश्न उभा राहतो. ब्रिटनमधील कामकऱ्यांना ही मधली रात्र हळूहळू मिळत गेली. १८५० च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी २ वाजता थांबवण्याचे बंधन घातले, आणि त्यांच्यावाचून यंत्रे चालत नसल्यामुळे पुरुषांनाही बहुतांशी त्याचा लाभ झाला. पुढे ही अर्ध्या दिवसाची सुटी इतर धंद्यांत व कचेऱ्यांतही रुळली. १८७१ च्या कायद्याने वर्षातील काही सोमवारांना बँकांच्या सुटीचा दर्जा दिला आणि त्यामुळे शनिवार दुपार ते सोमवार रात्र असा सलग काळ वर्षातून थोड्या वेळा तरी हाती येऊ लागला. सायकलप्रवासाच्या वाढीचा हा पाया आहे, आणि यंत्राच्या प्रगतीइतकेच त्याचे श्रेय या कायद्यांना दिले पाहिजे.

सायकलस्वारांची पहिली मोठी प्रवासी संघटना मात्र कामकऱ्यांची नव्हती. ऑगस्ट १८७८ मध्ये यॉर्कशरमधील हॅरोगेट येथे स्टॅन्ली कॉटरेल या तरुणाच्या पुढाकाराने बायसिकल टूरिंग क्लब स्थापन झाला आणि १८८३ मध्ये त्याने सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब हे नाव घेतले. त्या वेळची सायकल म्हणजे पुढे माणसाच्या छातीएवढे मोठे चाक आणि मागे लहानसे चाक असलेले उंच यंत्र होते. त्याची किंमत, त्यावर चढण्याचे धाडस आणि तोंडघशी पडण्याचा धोका पाहता ते सुखवस्तू तरुणांपुरतेच राहिले. अशा यंत्रावर सामानाला जागाही नव्हती. २२ एप्रिल १८८४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोहून निघून जगप्रदक्षिणा करणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सने, जो १८८६ मध्ये लाहोरपासून कलकत्त्यापर्यंतचा रस्ताही अशाच उंच सायकलीवरून तुडवून गेला, मोजे, एक जादा सदरा, पिस्तूल आणि तंबू व अंथरूण अशा दोन्ही कामी येणारा एक पावसाळी अंगरखा एवढेच सामान हँडलला बांधले होते. टूरिंग क्लबने ही उणीव वेगळ्या मार्गाने भरून काढली. प्रवासी रात्रीला स्वतःबरोबर काही नेत नसेल, तर वाटेवरच्या खाणावळीने ते पुरवले पाहिजे, या विचाराने क्लबने गावोगावी प्रतिनिधी नेमले, सभासदांसाठी ठरावीक दर मान्य करून घेतले आणि अशा जागांवर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह असलेली पाटी लावली. १८९९ मध्ये क्लबची सभासदसंख्या ६० हजारांच्या वर गेली होती.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली याने बाजारात आणलेली रोव्हर सायकल, जिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती आणि मागचे चाक साखळीने फिरत असे, आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप याने पेटंट घेतलेला हवेचा टायर, यांनी चित्र पालटले. या नव्या सांगाड्यात सीटच्या मागे, चौकटीच्या पोटात आणि हँडलच्या पुढे अशा तीन जागा सामानासाठी आपोआप तयार झाल्या, आणि स्वार जमिनीजवळ आल्याने भार वाहणे सुरक्षित झाले. सुरुवातीला या सायकलीही महागच होत्या. परंतु जुन्या सायकलींचा बाजार वाढला, हप्त्यांची पद्धत आली आणि शतक संपता संपता कुशल कामगाराच्या आवाक्यात त्या आल्या. १८९४ मध्ये बर्मिंगहॅम येथे समाजवादी विचारांच्या तरुणांनी, रॉबर्ट ब्लॅचफोर्ड यांच्या ‘क्लॅरियन’ या साप्ताहिकाचे नाव घेऊन, क्लॅरियन सायकलिंग क्लब काढला. त्याचे सभासद रविवारी खेड्यापाड्यांत जाऊन पत्रके व साप्ताहिकाचे अंक वाटत, म्हणजे त्यांच्या सायकलीवरील पहिला गंभीर भार छापील कागदाचा होता. कामकरी माणूस, कामाची सायकल आणि आठवडाअखेरची वाट यांचा मेळ संघटित रूपाने येथे प्रथम दिसतो.

भार वाढला की उताराचा प्रश्न चढाइतकाच कठीण होतो, ही गोष्ट आजच्या वाचकाला सहज ध्यानात येत नाही. १८९० च्या दशकातील बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हते, म्हणजे मागचे चाक फिरत असेपर्यंत पायडलही फिरतच राहत. लांब उतारावर स्वार पाय पायडलवरून उचलून पुढच्या चिमट्यावर बसवलेल्या लहान खुंट्यांवर ठेवी आणि वेग आवरण्यासाठी त्याच्याजवळ टायरच्या माथ्यावर दाबला जाणारा एकुलता एक ब्रेक असे. सामानाने जड झालेल्या सायकलीला हा ब्रेक पुरत नसल्यामुळे आल्प्समधील घाट उतरताना काही प्रवासी झाडाची फांदी दोरीने सायकलीमागे बांधून फरफटत नेत, म्हणजे तिच्या घर्षणाने वेग काबूत राही. ब्रिटनमध्ये टूरिंग क्लबने व त्याच्या सहयोगी संघटनेने धोक्याच्या टेकड्यांच्या माथ्यावर सायकलस्वारांना इशारा देणाऱ्या पाट्या स्वखर्चाने उभ्या केल्या. रस्त्यावरील वाहतूक-चिन्हांच्या परंपरेत या पाट्यांचे स्थान फार वरचे आहे. शतकाच्या वळणावर फ्रीव्हील सार्वत्रिक झाले आणि रिमवर दाबणारे ब्रेक आले, तेव्हाच भाराची सायकल सर्वसामान्य स्वाराच्या हाती निश्चिंतपणे देता येऊ लागली.

मधल्या रात्रीचा प्रश्न खाणावळीवर न सोपवता सायकलीवरच सोडवण्याचा पहिला सुसंगत प्रयत्न एका शिंप्याने केला, आणि त्याचा व्यवसाय येथे योगायोगाचा भाग नाही. थॉमस हायरम होल्डिंग याने वयाच्या नवव्या वर्षी, १८५३ मध्ये, आईवडिलांबरोबर गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात तंबूत मुक्काम केले होते. पुढे लंडनमध्ये शिवणकामाच्या धंद्यात त्याने नाव कमावले आणि त्या धंद्यावर पुस्तकेही लिहिली. कापडाचे वजन, विणीची घट्टता आणि शिवणीत वाया जाणारे इंच यांचा हिशेब ज्याच्या बोटांत मुरलेला आहे, अशा माणसाने तंबूकडे पाहिले तेव्हा त्याला लष्करी राहुटीचे जाड कापड हा अपव्यय वाटला. त्याने बारीक विणीच्या, हलक्या कापडाचे, प्रसंगी रेशमाचे, इतके लहान तंबू बेतले की ते घडी करून सायकलीवर सहज मावत. १८९७ मध्ये मित्रांसह आयर्लंडच्या पश्चिमेकडील कॉनेमारा भागात केलेल्या प्रवासावर त्याने १८९८ मध्ये पुस्तक लिहिले. ते वाचून लोकांनी पत्रे पाठवली, आणि १९०१ च्या ऑगस्टमध्ये वॉन्टेज येथे मूठभर लोकांच्या पहिल्या शिबिरातून असोसिएशन ऑफ सायकल कॅम्पर्स ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमधील संघटित तंबू-निवासाची सुरुवात अशी सायकलीच्या भारवहनातून झाली. १९०८ मध्ये होल्डिंगने लिहिलेल्या ‘द कॅम्पर्स हँडबुक’ या जाडजूड ग्रंथाने पुढच्या पिढ्यांना घडवले. सायकलीचा एकही भाग न बदलता, केवळ भाराचे वजन घटवून, रोजच्या सायकलीला प्रवासी बनवता येते हे होल्डिंगचे खरे योगदान होय, आणि सायकलींच्या इतिहासात त्याला आज मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

तंबू हा तरीही उत्साही लोकांचाच मार्ग राहिला. बहुसंख्यांसाठी मधली रात्र स्वस्त झाली ती १९३० साली, जेव्हा इंग्लंड व वेल्स यांसाठी युवा वसतिगृह संघटना, म्हणजे यूथ हॉस्टेल्स असोसिएशन, स्थापन झाली. जर्मनीतील शाळामास्तर रिखार्ड शिरमान यांनी १९०९ पासून मांडलेली ही कल्पना ब्रिटनमध्ये आली तेव्हा जागतिक मंदी सुरू होती. एका रात्रीचे एक शिलिंग, स्वयंपाक स्वतःचा स्वतः करण्याची सोय, सकाळी झाडलोट वा पाणी भरणे अशी वाटून दिलेली कामे, आणि पाहुण्याने स्वतःच्या बळावर, म्हणजे पायी किंवा सायकलीने, यावे हा नियम, यांमुळे मोटार बाळगणारे आपोआप बाहेर राहिले. घोंगड्या वसतिगृहात मिळत. पाहुण्याने फक्त चादरीची शिवलेली खोळ बरोबर आणायची असे. १९३९ पर्यंत अशी सुमारे ३०० वसतिगृहे उघडली होती आणि सभासद ८० हजारांवर पोहोचले होते. या व्यवस्थेचा सायकलीवर झालेला परिणाम थेट होता: तंबू, चूल आणि अंथरूण गळून पडले, आणि दीड दिवसाचा भार एका मध्यम पिशवीत मावेल इतका उतरला.

ती पिशवी कोठून आली, हा या इतिहासातील सर्वांत रसाळ भाग आहे. लँकेशर परगण्यातील नेल्सन हे कापडगिरण्यांचे गाव. तेथील विल्फ कॅराडाइस या हौशी सायकलस्वाराला बाजारात मनासारखी पिशवी मिळाली नाही, म्हणून त्याने स्वतःच एक बनवली. मित्रांनी मागितल्या, आणि १९३२ च्या सुमारास त्यातून धंदा उभा राहिला, जो आजही त्याच गावात चालतो. त्याने वापरलेले कापड ‘कॉटन डक’ नावाने ओळखले जाणारे, घट्ट विणीचे जाड सुती कापड होते, आणि त्यावर मेणयुक्त द्रावणाची प्रक्रिया केलेली असे. या कापडाचा गुण असा की, पाऊस लागताच सुताचे तंतू फुगतात, विणीतील सूक्ष्म भोके बुजतात आणि पाणी आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावरून ओघळून जाते. पिशवी सीटच्या मागे आडवी टांगली जाई: चामडी सीटच्या मागच्या काठावर दोन कड्या असत, त्यांतून चामड्याचे पट्टे ओवायचे, तिसरा पट्टा सीटखालच्या नळीभोवती आवळायचा, आणि पिशवीचा वरचा काठ लोंबू नये म्हणून आत लाकडाचा गोल दांडका बसवायचा. दोन अंगांना छोटे खिसे असत, एकात पंक्चरचे सामान व पाने, दुसऱ्यात जेवण. आणि झाकणाच्या वर दोन लांब पट्ट्यांखाली पावसाळी झूल गुंडाळून ठेवलेली असे, कारण इंग्लंडच्या हवेत तीच सर्वांत आधी हाताशी लागे. ही झूल अंगावर घेतली की तिची पुढची कड हँडलवर अडकवता येई आणि स्वाराचे पाय व मांड्या तिच्या आडोशाला कोरड्या राहत.

नेल्सनच्या त्या वर्षांना भारतीय संदर्भ आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. लँकेशरच्या गिरण्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक हिंदुस्थान होते. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांची वाढ, जपानची स्पर्धा, जागतिक मंदी आणि परदेशी कापडावरील बहिष्कार यांनी तो व्यापार कोसळला होता. सप्टेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी इंग्लंडात आलेले महात्मा गांधी लँकेशरमधील डार्विन येथे जाऊन बेकार कामगारांना भेटले, ते याच परगण्यात. बेकारीने व कामाचे तास घटल्याने आलेली सक्तीची रिकामी वेळ, गावाच्या वेशीपासून सुरू होणारे माळरान, आणि जुन्या सायकलीखेरीज दुसरे साधन नसणे, अशा परिस्थितीत उत्तर इंग्लंडातील हजारो तरुण त्या दशकात रस्त्यावर आले. त्यांचा प्रवास ही चैन होती असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, याच परगण्यातील रॉसेनडेल खोऱ्यात चार्ल्स व मेरी पार्सन्स या दांपत्याने सायकलीच्या पिशव्या शिवण्याचा कॅरिमोर हा उद्योग सुरू केला, जो पुढे गिर्यारोहणाच्या सामानासाठी प्रसिद्ध झाला.

पिशवी कोठे बांधावी हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु अनुभवी स्वार त्यावर जितका वाद घालत, तितका क्वचितच दुसऱ्या कशावर घालत. सीटमागची आडवी पिशवी स्वाराच्या गुरुत्वमध्याजवळ असते आणि सायकल झुलत नाही, परंतु तिच्यात मावते थोडे. अधिक सामानासाठी मागच्या चाकावर कॅरिअर बसवून त्याच्या दोन्ही अंगांना, घोड्याच्या पाठीवर टाकलेल्या पडशीसारख्या, पिशव्या लोंबवाव्या लागतात. त्या आसाच्या उंचीइतक्या खाली असाव्यात, पायडल मारताना टाच त्यांना घासू नये इतक्या मागे असाव्यात, आणि तरीही आसाच्या फार मागे जाऊ नयेत. कारण तसे झाले की पुढचे चाक हलके पडते व हँडल थरथरू लागते. येथे कामाच्या सायकलीचा एक गुण उपयोगी पडे. ब्रिटिश रोडस्टर, म्हणजे सरळ बैठकीची, जाड टायरची व साखळीवर आवरण असलेली रोजच्या वापराची सायकल, हिचा सांगाडा लांब आणि कलता असे, मागचे चाक सीटपासून दूर असे, आणि त्यामुळे टाच व पिशवी यांच्यात पुरेशी जागा आपोआप मिळे. शर्यतीच्या आखूड सांगाड्याच्या सायकलीला हे साधत नसे. चाकांच्या बाबतीतही ब्रिटिश कारागिरांची समज सूक्ष्म होती: पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० आरे, म्हणजेच स्पोक, ही विभागणी त्यांनी रूढ केली, कारण स्वाराचे व सामानाचे बहुतांश वजन मागच्या चाकावर येते आणि तेथील आरेच आधी तुटतात.

चढाचे उत्तर मात्र पिशवीत नव्हते. साधी रोडस्टर एकाच गिअरची असे, आणि गिअर मोजण्याची ब्रिटिश रीत उंच सायकलीच्या काळापासून चालत आलेली होती: पुढच्या दातेरी चक्राचे दाते भागिले मागच्या चक्राचे दाते, गुणिले चाकाचा व्यास, हे गणित करून जे इंच येतात तेवढ्या व्यासाचे मोठे चाक थेट पायडलने फिरवल्यासारखी ती सायकल चालते. २८ इंची चाक, पुढे ४४ आणि मागे १८ दाते असले तर गिअर सुमारे ६८ इंच होतो, आणि पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जवळजवळ साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर रिकाम्या सायकलीला हे योग्य आहे. दहा किलो सामान घेऊन पेनाइनच्या टेकड्या चढणाऱ्याला नाही. मागची १८ दात्यांची चक्री काढून २२ दात्यांची घातली, तर गिअर ५६ इंचांवर येतो आणि एका फेऱ्यात सुमारे साडेचार मीटर अंतर कापले जाते. काही पेन्स खर्चून अर्ध्या तासात होणारा हा बदल रोजच्या सायकलीला प्रवासी करण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय होता, आणि कामावर जाण्याच्या वेगात त्याने फारसा फरकही पडत नसे. ‘वेफेअरर’ या टोपणनावाने ‘सायकलिंग’ नियतकालिकात लिहिणारे डब्ल्यू. एम. रॉबिन्सन, ज्यांनी १९१९ च्या मार्चमध्ये वेल्समधील बर्विन पर्वतावरची वाट बर्फातून ओलांडून त्यावर गाजलेला लेख लिहिला, ते कमी गिअरचा हट्टाने पुरस्कार करीत.

याहून पुढची पायरी म्हणजे स्टर्मी-आर्चरचे हब. १९०२ मध्ये नॉटिंगहॅम येथे, रॅले कंपनीच्या फ्रँक बोडन यांच्या आश्रयाने, मागच्या चाकाच्या मध्यभागी बसणारी तीन गिअरांची बंदिस्त यंत्रणा पेटंट झाली. एका मध्यचक्राभोवती फिरणारी लहान चक्रे व त्यांच्याभोवती आतून दाते असलेले कडे, अशी तिची रचना होती. १९३६ मध्ये आलेल्या एडब्ल्यू या प्रकारात खालचा गिअर मूळ गिअरच्या तीन-चतुर्थांश आणि वरचा त्याच्या सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे १३३ टक्के, असे. मागे २२ दात्यांची चक्री घालून हे हब वापरले, तर खालचा गिअर ४२ इंचांवर येतो, आणि मग भरलेली सायकल बहुतेक इंग्लिश टेकड्यांवर बसूनच चढवता येते. धूळ, चिखल आणि पाऊस यांपासून यंत्रणा सुरक्षित असल्यामुळे, आणि थेंबभर तेलाखेरीज ती काही मागत नसल्यामुळे, रोज उघड्यावर उभ्या राहणाऱ्या सायकलीला ती मानवली.

फ्रान्समध्ये याच प्रश्नाला वेगळे उत्तर मिळाले. सेंत-एतियेन येथील रेशमाच्या व्यापारातून सायकलीकडे वळलेले पॉल द व्हिव्ही, ऊर्फ व्हेलोसिओ, यांनी १८८७ मध्ये सुरू केलेल्या मासिकातून अनेक गिअरांचा आणि पुढे डिरेलरचा, म्हणजे साखळी एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणाऱ्या यंत्रणेचा, अखंड प्रचार केला. तेथे रने हर्स, अलेक्स सिंगर यांच्यासारख्या कारागिरांनी खास प्रवासाच्या सायकली घडवल्या, ज्यांत कॅरिअर, मडगार्ड आणि दिवे सांगाड्याबरोबरच बेतलेले असत. कलाकृती म्हणून त्या अप्रतिम आहेत. परंतु त्या थोड्यांच्या होत्या, आणि १९३६ मध्ये पगारी रजेचा कायदा झाल्यावर जे फ्रेंच कामगार लाखांनी बाहेर पडले, त्यांतील सायकलस्वारांजवळ असले नग असण्याची शक्यता नव्हती.

ब्रिटनमध्ये रोजच्या सायकलीचा ऱ्हास झपाट्याने झाला. १९४९ मध्ये तेथे सायकलींनी वर्षभरात सुमारे २४ अब्ज किलोमीटर अंतर कापले, असे सरकारी आकडे सांगतात; १९७३ पर्यंत हे अंतर ४ अब्जांच्या खाली घसरले. मोटारसायकल, हप्त्यावर मिळणारी लहान मोटार आणि रुंद झालेले रस्ते यांनी कामावर जाणारा माणूस सायकलीवरून उतरवला. १९५५ मध्ये स्थापन झालेल्या रफ स्टफ फेलोशिपसारख्या संघटनांनी डोंगरवाटांवर सायकल नेण्याची परंपरा जपली, पण ती आता छांदिष्टांची परंपरा होती. नेमक्या याच उतरंडीत, १९७१ मध्ये, बर्मिंगहॅमच्या डॉज कंपनीने गॅलक्सी ही तयार प्रवासी सायकल बाजारात आणली. दुकानातून उचलून थेट दूरच्या वाटेला लागावे अशा हेतूने पूर्ण सज्ज असलेली ती सायकल दर्जेदार होती आणि ती दीर्घकाळ खपली. तरीही काळाचा हा क्रम डोळ्यांआड करता येत नाही: कामाची सायकल घराघरात होती तोवर प्रवासी सायकल वेगळी विकण्याचे कारण फारसे नव्हते, आणि ती वेगळी विकली जाऊ लागली तेव्हा प्रवास हा मोजक्या शौकिनांचा विषय झाला होता.

हीच रोडस्टर ब्रिटिश जहाजांतून हिंदुस्थानात आली आणि येथे तिचे आयुष्य निराळे झाले. मुंबईच्या वरळीत १९३९ मध्ये हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर मद्रास, आसनसोल, सोनीपत व लुधियाना येथील कारखान्यांनी ब्रिटिश नमुनाच पुढे चालवला, तो इतका की मागच्या चाकाचे ४० आरेही तसेच राहिले. भारही चढला, पण तो व्यवसायाचा होता. दूधवाल्यांनी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना हुकांवर किटल्या अडकवल्या आणि वजन आसाच्या उंचीवर आणले, जे इंग्लंडातील पडशीवाल्या स्वाराचेही तंत्र होते. गोव्यातील पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, कॅरिअरवर पावाची मोठी टोपली बांधून भोंगा पोंय-पोंय वाजवत गाव पालथे घातले. मुंबईच्या डबेवाल्यांनी हँडल आणि कॅरिअर दोन्ही डब्यांनी भरले. दुहेरी दांड्याचा सांगाडा आणि जाड सळयांचे कॅरिअर ही या मेहनतीची देणगी आहे.

प्रवासाचा छंद मात्र येथे त्या प्रमाणात रुजला नाही, आणि त्याचे एक कारण पुन्हा मधल्या रात्रीपाशीच जाते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली, आणि ते यश लहान नव्हते. परंतु लँकेशरच्या कामगाराला शनिवारच्या दुपारमुळे मिळणारी, सुटीच्या आत पडणारी ती रात्र मुंबईच्या कामगाराला मिळाली नाही. एका दिवसाच्या सुटीत सामान बांधून निघण्याचा प्रश्नच येत नव्हता. जे निघाले ते फार दूर निघाले: १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण मुंबईहून जगप्रवासाला बाहेर पडले, आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१ हजार किलोमीटर सायकल चालवून मार्च १९२८ मध्ये परतले. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, त्यानंतर खेड्यापाड्यांकडच्या प्रवासासाठी बहुतेकांनी बसचा आधार घेतला आणि सायकल एसटीच्या टपावर जाऊन बसली.

भारतीय रोडस्टर आजही विकली जाते, आणि तिच्यावर दोन दिवसांचा प्रवास करू पाहणाऱ्याला १९३० च्या दशकातील फेरफार जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात. कॅरिअर व मागचे चाक मुळातच भारासाठी बांधलेले असल्याने त्यांना हात लावावा लागत नाही. मागची १८ दात्यांची फ्रीव्हील काढून २२ दात्यांची बसवायची, त्यासाठी साखळीत एखादी जोडकडी वाढवायची, आणि पिशव्या कॅरिअरच्या वर न रचता दोन्ही बाजूंना आसापर्यंत खाली उतरवायच्या. ब्रेकची उणीव मात्र तशीच राहते, कारण लोखंडी रिमवर पावसाचे पाणी असले की रॉड ब्रेकचे, म्हणजे दांड्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकचे, रबर पहिले काही क्षण नुसते घसरते. म्हणून सह्याद्रीचा घाट भर पावसात भरल्या सायकलीने उतरायचा असेल, तर तीव्र उतारावर खाली उतरून सायकल हाताने धरून नेणे हाच मार्ग आहे.